न घेतलेल्या कर्जाची वसुली: हा धंदा आला कुठून

"तुमचं लोन थकलंय, संध्याकाळपर्यंत सेटलमेंट करा नाहीतर वॉरंट निघेल" असा फोन आयुष्यात कधी कर्ज न काढलेल्या लोकांनाही येतो, आणि त्यातले काही जण पैसे भरूनही टाकतात. बाकीचे मग त्यांना हसतात. पण मागे जाऊन बघितलं तर कळतं की घाबरण्यामागचं कारण फार जुनं आहे, कर्जाचा कागद कायम वसुली करणाऱ्याच्या हातात असतो (निदान तो तसं म्हणतो) आणि ऐकणाऱ्याकडे पडताळून बघायला काहीच नसतं.

आपल्याकडे हे १८७५ मध्ये फार ठळकपणे दिसलं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि तिथून हे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेलं. त्यांना हवी होती ती खतं (कर्जाचे लेखी करार) आणि हुकूमनामे (कोर्टाचे वसुलीचे आदेश), ती घेऊन जाळायची, आणि जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा मारहाण झाली नाही. तक्रार काय होती तर कशावर अंगठा घेतला ते कळत नाही, भरलेल्या पैशाची पावती मिळत नाही, फिटलेलं कर्ज पुन्हा उभं राहतं. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात व्याजाच्या भानगडीसोबत हेही आलं की खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावं, सावकाराने पावती द्यावी आणि मागितला तर हिशोब लिहून द्यावा. कायद्याने सगळं सुटलं असं अजिबात नाही, पण "कागद दाखव" म्हणायचा हक्क तेव्हाच लेखी झाला होता.

फोनवरची वसुली मात्र अमेरिकेत वाढली. तिथे थकीत कर्जांच्या याद्या सरळ विकल्या जातात, बँक एका कंपनीला विकते, ती दुसरीला, आणि यादी जितकी जुनी तितकी स्वस्त. या वसुलीवाल्यांना आवरायला १९७७ मध्ये तिथे वेगळा कायदा झाला: सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर फोन नाही, अटकेची खोटी धमकी नाही, आणि पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत किती रक्कम, कोणाची, हे लेखी कळवायचं. नंतर ऑनलाइन पेडे लोन आली, म्हणजे पगार होईपर्यंतचं छोटं कर्ज, त्याच्या फॉर्ममध्ये लोक सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक), बँक खातं, नोकरीचं ठिकाण सगळं भरायचे, आणि कर्ज मिळो न मिळो ती माहिती बाजारात फिरायची. इथूनच न घेतलेल्या कर्जाची वसुली सुरू झाली, कारण फोन करणाऱ्याला तुमची एवढी माहिती असेल तर बाकीचंही खरंच असणार असं कुणालाही वाटतं.

यात आपला संबंध असा की हे फोन भारतातल्या कॉल सेंटरमधून जायचे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) अशी एक टोळी कोर्टात खेचली तेव्हा किमान ६ लाख नंबरांवर २७ लाखांहून जास्त कॉल गेल्याचं आणि ५० लाख डॉलरवर वसुली झाल्याचं समोर आलं, फोनवरची माणसं स्वतःला पोलीस किंवा वकील सांगायची. जोएल टकर नावाच्या एकाने तर कर्जांच्या खोट्या याद्याच वसुली कंपन्यांना विकल्या, म्हणजे फोन करणारा वसुलीवालाही कधी कधी फसलेलाच! पुढे त्याला बारा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर धाडी टाकल्या तेव्हाही पद्धत हीच होती, फक्त थकलेल्या कर्जाऐवजी थकलेला अमेरिकन टॅक्स.

इथे भारतात खाजगी बँकांनी पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, गाड्यांची कर्जं भरमसाट वाटली आणि वसुली बाहेरच्या एजन्सींना दिली, त्यात दादागिरी इतकी वाढली की २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर खटल्यात सुप्रीम कोर्टाला बँकांना सुनवावं लागलं की गुंड पाठवून वसुली चालणार नाही. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नियम आले: एजन्सी कोणती ते बँकेने कर्जदाराला आधी कळवायचं, एजंटकडे ओळखपत्र आणि अधिकारपत्र हवं, त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. २०२२ मध्ये वेळही स्पष्ट केली, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. हे नियम खऱ्या एजंटसाठी आहेत, पण खोटा ओळखायलाही तेच कामाला येतात, कारण "अधिकारपत्र बँकेच्या मेलवरून पाठवा" म्हटलं की खोटा माणूस एकतर आवाज चढवतो नाहीतर फोन ठेवतो.

मग २०२० चा लॉकडाऊन आणि लोन अ‍ॅप. ७ दिवसांचं कर्ज, हातात येतानाच प्रोसेसिंग फीच्या नावाने मोठा तुकडा कापलेला, आणि अ‍ॅप टाकताना फोनबुक, फोटो सगळ्याची परवानगी घेतलेली. हप्ता चुकला की नातेवाईकांना फोन, मॉर्फ केलेले, म्हणजे छेडछाड करून बनवलेले फोटो. तेलंगणात आत्महत्या झाल्या, हैदराबाद पोलिसांनी वर्षअखेरीस अटका केल्या, त्यात चिनी नागरिकही होते. रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०२१ मध्ये सुमारे ११०० अ‍ॅप मोजली, त्यातली ६०० बेकायदा. २०२२ च्या नियमांनी फोनबुकला हात लावायला बंदी केली आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जायला हवा असं ठरलं. पण तोवर लाखो लोकांचे नंबर बाहेर गेले होते ते काही परत येत नाहीत. आजचे बरेचसे फोन याच शिळ्या डेटावर चालतात असं मला वाटतं, म्हणून तर तुमच्या मेहुण्याचं नाव त्यांना बरोबर माहीत असतं.

असा फोन आला तर कर्ज कोणत्या संस्थेचं आणि खातं क्रमांक काय एवढंच विचारा, स्वतःचा पॅन, आधार, जन्मतारीख "कन्फर्म" करू नका. मग त्या बँकेला तिच्या वेबसाइटवरच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा, फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नको. २०१७ पासून कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून (उदा. सिबिल) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तोही काढा, कारण बँकेचं किंवा रजिस्टर्ड कंपनीचं कर्ज त्यात दिसायला हवं (आणि दुसऱ्याच कोणी तुमच्या पॅनवर खरंच कर्ज काढलं असेल तर तेही तिथेच कळतं). पैसे कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर मागितले की विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेलं वॉरंट आलं तरी नुसत्या थकलेल्या हप्त्यासाठी अटक होत नाही, तो दिवाणी मामला असतो. चेक बाउन्सचं प्रकरण फौजदारी असतं हे खरं, पण त्यातही आधी लेखी नोटीस येते आणि भरायला १५ दिवस मिळतात, तासाभराची मुदत देणारा कायदा कुठेच नाही.

आणि "तुम्ही अमक्याचे रेफरन्स आहात, तुम्ही भरा" म्हणत असतील तर भरायचं काही कारण नाही, जामीनदार व्हायला सही लागते, कुणाच्या फोनबुकमध्ये नाव असून कोणी जामीनदार होत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, रक्कम पुढच्या खात्यांमध्ये पसरायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. स्क्रीनशॉट, नंबर, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, तक्रार नोंदवताना हेच सगळं मागतात.