सगळ्यांना विचारणं आणि खूण बघून विचारणं, दोन्ही एक नाही

जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबद्दल नर्सेसना शिकवताना स्क्रीनिंग आणि केस फाइंडिंग हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि माझ्या मते शिकवण्यातला घोळ तिथूनच सुरू होतो.

स्क्रीनिंग म्हणजे येईल त्या प्रत्येकीला, लक्षण असो वा नसो, ठरलेले प्रश्न. उदाहरणार्थ हिट्स नावाची प्रश्नावली, 4 प्रश्न: मारतो का, अपमान करतो का, धमकावतो का, ओरडतो किंवा शिव्या देतो का. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी स्क्रीनिंगची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 2013 च्या गाइडलाइन्समध्ये सरसकट स्क्रीनिंग नको म्हटलं, कारण त्याने केसेस जास्त सापडतात पण हिंसा कमी होते असा पुरावा नव्हता.

केस फाइंडिंग म्हणजे खूण दिसली तर विचारणं, त्यात आधी बारीक नजर हवी. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर केली आणि दंडावर बोटांचे ठसे दिसले, एक निळा एक पिवळट, म्हणजे कदाचित वेगवेगळ्या दिवसांचे (रंगावरून नक्की सांगता येत नाही), आणि "पडले" हे उत्तर तिच्याऐवजी सोबतचा माणूसच देतोय. गळा दाबलेला असेल तर बऱ्याचदा गळ्यावर काहीच दिसत नाही, पण आवाज घोगरा होऊ शकतो, गिळायला त्रास होऊ शकतो, डोळ्यात बारीक लाल ठिपके येऊ शकतात. हे तर प्रत्येक नर्सला पाठ हवं, कारण ज्याने एकदा गळा दाबला त्याच्याकडून जिवाला असलेला धोका फार वाढलेला असतो, आणि डॉक्टरांनाही लगेच सांगावं लागतं.

विचारताना ती एकटी हवी, पडदा ओढला म्हणजे एकांत झाला असं नाही, पलीकडे सगळं ऐकू जातं. सोबतच्याला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायचं, शेजारी बसायचं आणि सरळ म्हणायचं, "अशा जखमा कुणी मारल्यावरही होतात, तुमच्यावर कुणी हात उचलतं का?"

हो म्हणाली तर दोन्ही पद्धतींत पुढचं सारखंच, ऐकायचं, विश्वास ठेवायचा, आत्ता काय हवंय ते विचारायचं, आज घरी जाणं सेफ आहे का ते तिच्यासोबत बघायचं, मदत जोडून द्यायची. "सोडून का देत नाही?" हे चुकूनही नाही.

आणि नाही म्हणाली तर खोदून खोदून विचारायचं नाही, "कधीही वाटलं तर या, मी इथेच असते" एवढं म्हणून बीपी लिहून घ्यायचं.