लसीका ग्रंथींतील रक्तवाहिन्यांची रचना (डॉपलर सोनोग्राफी)

वाढलेल्या लसीका ग्रंथीत (लिंफ नोडमध्ये) रक्त कोठून शिरते व कसे पसरते हे डॉपलर सोनोग्राफीने पाहून, त्या वाढीमागे कर्करोग आहे की साधा दाह, याचा अंदाज घेण्याची पद्धत. मान, काख व जांघ येथील त्वचेलगतच्या ग्रंथींसाठी ती मुख्यतः वापरतात. डॉपलर परिणाम, म्हणजे हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत दिसणारा बदल, १८४२ मध्ये ख्रिस्तियान डॉपलर यांनी मांडला. रक्तप्रवाह रंगात दाखवणारे रंगीत डॉपलर साधारणतः १९८० नंतरच्या दशकात वैद्यकात रुळले आणि मंद प्रवाहही टिपणारे पॉवर डॉपलर १९९० नंतरच्या दशकात आले. ग्रंथींच्या रक्तवाहिन्यांचे पद्धतशीर वर्गीकरण बहुधा याच सुमारास सुरू झाले.

निरोगी ग्रंथी मूत्रपिंडाच्या आकाराची असते. तिच्या एका बाजूच्या खाचेतून, म्हणजे नाभिकेतून, धमनी आत शिरते आणि मध्यकात (ग्रंथीच्या आतल्या भागात) तिला फांद्या फुटतात. पडद्यावर हे एखाद्या लहान झाडासारखे दिसते : बुंधा खाचेत, फांद्या आत. दाहामुळे सुजलेल्या ग्रंथीत झाड दाट होते, पण त्याचा बुंधा जागचा हलत नाही. कर्करोगाच्या पेशी मात्र लसीकावाहिन्यांतून येतात आणि प्रथम आवरणाखालच्या पोकळीत अडकतात. म्हणून बिघाड सहसा कडेपासून सुरू होतो. अशा ग्रंथीत नाभिकेशी संबंध नसलेल्या वाहिन्या आवरण भेदून आत येताना दिसतात. काही वेळा नाभिकेचा प्रवाह शिल्लक असतो व कडेचाही दिसतो. ही मिश्र रचनाही संशयास्पद मानतात. रक्त किती आहे यापेक्षा ते कोठून येते याला निदानात अधिक मोल आहे.

कडेच्या वाहिन्या कोठून येतात याविषयी एकमत नाही. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या घडवून घेते, हा १९७१ मध्ये जूडा फोकमन यांनी मांडलेला विचार येथेही लागू करण्याची प्रथा आहे. मात्र उंदरांवरील काही अलीकडच्या प्रयोगांत ग्रंथीत पसरलेल्या कर्करोगाला अशा नव्या फुटव्यांची फारशी गरज पडलेली दिसली नाही. त्यामुळे भोवतालच्या मूळच्या वाहिन्याच रुंदावून कामाला लागतात, हे स्पष्टीकरणही विचारात घ्यावे लागते. दोन्ही प्रक्रिया कमीअधिक प्रमाणात घडत असाव्यात.

रोधनिर्देशांकाचा, म्हणजे वाहिनीतील प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या मापाचा, वादही याच्याशी निगडित आहे. हृदय आकुंचन पावताना असलेल्या कमाल वेगातून प्रसरणाअखेरचा वेग वजा करून कमाल वेगाने भागले की हा निर्देशांक मिळतो. नव्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू नसतो, म्हणून तो कमी यावा, असे तर्क सांगतो. पण कर्करोगी ग्रंथींत तो बहुधा जास्त आढळतो. पेशींच्या दाटीने वाहिन्या दाबल्या जातात, हे त्याचे कारण अधिक पटण्याजोगे आहे. ०·८ च्या वरचा रोधनिर्देशांक व १·६ च्या वरचा स्पंदनिर्देशांक (वेगांतील तोच फरक भागिले सरासरी वेग) संशयास्पद, अशा मर्यादा पुष्कळदा उद्धृत केल्या जातात. तथापि निरनिराळ्या अभ्यासांत त्या बदलतात आणि एकाच ग्रंथीतील दोन वाहिन्यांत वेगवेगळे आकडे येऊ शकतात. म्हणून आकड्यापेक्षा रचनेवर भर देणे इष्ट.

तंत्रातील लहानशी चूक निष्कर्ष उलटा करू शकते. प्रोब (त्वचेवर टेकवायचे उपकरण) जरा दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि क्षणापूर्वी रंगाने भरलेली ग्रंथी काळी, रक्तहीन दिसते. हात सैल करताच रंग परत येतो. यंत्रावरील वेगाची मर्यादा व भित्ति-गाळणी (अतिमंद हालचालींचे संकेत गाळणारी व्यवस्था) कमी ठेवावी. रंगाची संवेदनशीलता ठिपक्यांचा गोंधळ दिसेपर्यंत वाढवून मग किंचित उतरवावी. मानेच्या ग्रंथींत जवळच्या मोठ्या धमनीची धडधड खोटा रंग उमटवते.

क्षयाच्या ग्रंथी विशेष फसव्या असतात. आतील ऊतकमृत्यूमुळे नाभिकेचा प्रवाह एका बाजूला ढकललेला दिसतो, कधी प्रवाहच नसतो, तर कधी कडेच्या वाहिन्या कर्करोगाचा भास निर्माण करतात. लसीकार्बुदात (लिंफोमात, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगात) नाभिकेचा प्रवाह बहुधा टिकून राहतो. केवळ कडेचा प्रवाह क्वचितच आढळतो. अगदी लहान कर्करोगी ठेव असलेली ग्रंथी पूर्णतः निरोगी दिसू शकते, हे विसरून चालत नाही.

अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगात मानेच्या ग्रंथी तपासताना कडेचा रक्तप्रवाह, सूक्ष्म कॅल्शियम कण व द्रवाने भरलेल्या पोकळ्या ही संशयाची लक्षणे मानली जातात. अंतिम निदान सुईने काढलेल्या पेशींच्या किंवा बायॉप्सीच्या तपासणीवरच ठरते. सुई कोणत्या ग्रंथीत आणि तिच्या कोणत्या भागात घालावी, हे ठरवताना रक्तवाहिन्यांच्या रचनेचा उपयोग होतो.