विस्कोंती की स्फोर्झा? मिलानच्या सासऱ्या-जावयाची गफलत

मिलानच्या इतिहासात ज्यान गालेआझो दोन आहेत. एक विस्कोंती, १४०२ मध्ये वारला. दुसरा स्फोर्झा, १४९४ मध्ये वारला. बियांका मारियाही दोन. एक विस्कोंती घराण्यातली शेवटची मुलगी, दुसरी तिचीच नात, आडनावाने स्फोर्झा आणि लग्नानंतर थेट पवित्र रोमन सम्राटाची राणी. त्यात दोन्ही घराण्यांच्या ढालीवर माणूस गिळणारा तोच साप, राजधानीही तीच. मग वाचणाऱ्याचा घोळ झाला तर त्याचा काय दोष? माझं तर म्हणणं असं की हा घोळ स्फोर्झांनी मुद्दाम घालून ठेवलाय. आपल्याला विस्कोंतींचेच वारस मानावं यासाठी त्यांनी पन्नास वर्षं जिवाचं रान केलं.

आधी विस्कोंती. हे मिलानचेच सरदार, आणि त्यांची सत्ता आली ती चर्चच्या दारातून. १२६२ मध्ये पोपने ओत्तोने विस्कोंतीला मिलानचा आर्चबिशप नेमलं, पण शहर देल्ला तोर्रे घराण्याच्या मुठीत होतं आणि ते त्याला वेशीच्या आत पाऊल टाकू देईनात. हा आर्चबिशप पंधरा वर्षं स्वतःच्या शहराबाहेर राहिला. १२७७ च्या जानेवारीत देझिओच्या लढाईत त्याने तोर्रेंना धूळ चारली, त्यांचा म्होरक्या नापोलेओने याला पिंजऱ्यात कोंडलं आणि मगच शहरात प्रवेश केला. पुढे त्याचा नातू लागणारा मात्तेओ गादीवर आला, मध्ये हाकलला गेला, १३११ मध्ये सम्राटाच्या मदतीने परतला. त्यानंतर १४४७ पर्यंत मिलान या घराण्याकडेच राहिलं.

विस्कोंतींची कामाची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लढाया ते करत, पण त्यांचा खरा भरवसा पैसा, सोयरिकी आणि सनदा यांच्यावर. फ्रान्सचा राजा इंग्रजांच्या कैदेत सापडला आणि त्याच्या सुटकेसाठी प्रचंड रक्कम लागली, तेव्हा गालेआझो दुसरा याने थैली मोकळी केली आणि बदल्यात राजकन्या सून म्हणून घरी आणली. नवरा मुलगा ज्यान गालेआझो तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता.

हाच मुलगा घराण्यातला सर्वात मोठा माणूस ठरला, आणि सर्वात थंड डोक्याचाही. मिलान शहर तेव्हा त्याचा काका बेर्नाबो याच्याकडे होतं. हा बेर्नाबो म्हणजे जमदग्नीचा अवतार. पोपच्या दूतांनी बहिष्काराचा खलिता आणला तर त्याने तो चर्मपत्राचा कागद त्यांनाच खायला लावला, असं सांगतात. पुतण्या मात्र पावियाच्या किल्ल्यात राहायचा, देवधर्म करायचा, घाबरट म्हणून ओळखला जायचा. मे १३८५ मध्ये त्याने निरोप धाडला की वारेझेच्या डोंगरावर देवीच्या दर्शनाला निघालोय, वाटेत भेटू. बेर्नाबो खेचरावर बसून, दोन मुलांना घेऊन, शहराबाहेर सामोरा आला. यात्रेकरू पुतण्याबरोबर शेकडो हत्यारबंद स्वार होते. काकाला तिथेच धरलं आणि त्रेत्सोच्या किल्ल्यात टाकलं. डिसेंबरात तो तिथेच मेला. विष घातलं असा संशय तेव्हाही होता. शिवाय बेर्नाबो हा नुसता काका नव्हता, सासराही होता!

पुढच्या वर्षी, १३८६ मध्ये, मिलानच्या महाकाय कॅथेड्रलचं काम सुरू झालं. ज्यान गालेआझोने त्यासाठी कांदोल्याची संगमरवराची खाण देऊ केली. तिथला दगड सरोवर, नदी आणि कालवा असा पाण्यावरून शहरात यायचा, आणि त्यावर जकात माफ होती. १३९५ मध्ये त्याने सम्राटाच्या जागी असलेल्या जर्मन राजा वेन्सेस्लासकडून १ लाख फ्लोरिन मोजून ड्यूक ही पदवी मिळवली. तोवर विस्कोंती कागदोपत्री सम्राटाचे मुखत्यार होते; आता ते वंशपरंपरागत ड्यूक झाले. जर्मन सरदारांना हा सौदा इतका झोंबला की पाच वर्षांनी वेन्सेस्लासला पदच्युत करताना आरोपांत याचाही समावेश होता. वेरोना, पादोवा, पिझा, सिएना, पेरुजा आणि १४०२ मध्ये बोलोन्या, एकेक शहर त्याच्या घशात जात होतं. फ्लॉरेन्स तेवढं उरलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ताप येऊन तो वारला आणि फ्लॉरेन्सने सुटकेचा श्वास सोडला.

त्याच्या मुलांबद्दल फार लिहीत नाही. थोरला जोव्हान्नी मारिया माणसांवर कुत्री सोडायचा, त्याचा १४१२ मध्ये चर्चच्या दारात खून झाला. धाकटा फिलिप्पो मारिया हुशार पण भयंकर संशयी, लोकांना तोंड दाखवायला नको आणि विजा कडाडल्या की गाळण उडायची. त्याला औरस मूल नव्हतं. होती ती एक अनौरस मुलगी, बियांका मारिया.

आणि इथे स्फोर्झा येतात, पण ते मिलानचे नव्हेत. रोमान्या प्रांतातल्या कोतिन्योला गावच्या अत्तेंदोलो कुटुंबातला मुत्सिओ नावाचा मुलगा फौजेत गेला. कुऱ्हाड झाडावर फेकली, रुतून बसली तर सैनिक व्हायचं, नाहीतर घरी राहायचं, अशी त्याची आख्यायिका. त्याच्या दांडगाईवरून ‘स्फोर्झा’ हे टोपणनाव पडलं आणि तेच पुढे आडनाव झालं. हे लोक कोंदोत्तिएरे, म्हणजे पैसे घेऊन लढणारे फौजबंद सरदार. करार संपला की मालक बदलला, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मुत्सिओ १४२४ मध्ये पेस्कारा नदीत आपल्या सेवकाला वाचवताना बुडाला. फौज मुलाकडे, फ्रांचेस्कोकडे आली. हा मुलगाही अनौरसच.

फिलिप्पो मारियाने या फ्रांचेस्कोला बांधून ठेवायला पोरीचं आमिष दाखवलं. बियांका मारिया सहा-सात वर्षांची असताना सोयरीक ठरली, मग सासरेबुवांनी वर्षानुवर्षं लग्न लांबवलं. मधल्या काळात जावई कधी त्यांच्या बाजूने लढला, कधी विरुद्ध. शेवटी ऑक्टोबर १४४१ मध्ये क्रेमोनात लग्न लागलं, आणि क्रेमोना शहरच हुंड्यात गेलं.

१४४७ मध्ये सासरे वारले, पण गादी जावयाकडे गेली नाही. हा मधला तुकडा बहुतेक लोक विसरतात. मिलानकरांनी दुसऱ्याच दिवशी प्रजासत्ताक जाहीर केलं आणि विस्कोंतींच्या किल्ल्याची धूळधाण केली. व्हेनिसच्या भीतीने त्यांनी सेनापती म्हणून फ्रांचेस्कोलाच नेमलं! त्याने व्हेनिसला हरवलं, मग व्हेनिसशीच तह केला आणि मिलानला वेढा घातला. अन्नान्नदशा झालेल्या शहरात फेब्रुवारी १४५० मध्ये दंगल उसळली आणि दरवाजे उघडले. त्याचे शिपाई पाव घेऊन आत शिरले असं वर्णन मिळतं.

तर सत्ता आली, पण सनद कुठे होती? पदवी सम्राटाने दिलेली, आणि सम्राट फ्रेडरिक काही केल्या स्फोर्झाला मान्यता देईना. वारसा बायकोकडून, आणि तीही अनौरस. दुसरीकडे ज्यान गालेआझोची मुलगी व्हालेंतिना फ्रान्सच्या ऑर्लेआं घराण्यात दिलेली, तिची मुलं औरस. म्हणून स्फोर्झांनी जी धडपड केली तिच्यातूनच आजचा सगळा घोळ जन्मला. त्यांनी साप घेतला, गरुडासोबत आपल्या ढालीवर मिरवला. मुलाचं नाव ठेवलं गालेआझो मारिया, त्याच्या मुलाचं ज्यान गालेआझो. पाडलेला किल्ला त्याच जागी पुन्हा बांधला, तोच आजचा कास्तेल्लो स्फोर्झेस्को. (त्याच्या पुढचा उंच मनोरा मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा केलेला आहे; मूळचा १५२१ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला.) कॅथेड्रलचं काम चालू ठेवलं. १४५६ मध्ये मोठं इस्पितळ काढलं, हे मात्र त्यांचं स्वतःचं.

नमुन्यादाखल मिलानच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात जा. नाव स्फोर्झांचं, पण आत समोर येतो संगमरवरी घोड्यावरचा बेर्नाबो विस्कोंती. घोडा ताठ, स्वार त्याहून ताठ, पाय रिकिबीत सरळ रोवलेले, दोन्ही बाजूंना त्याच्या गुडघ्याएवढ्या दोन बायका, एक न्याय आणि एक सामर्थ्य. आधी हा पुतळा एका चर्चमध्ये वेदीमागे उभा होता, म्हणजे लोक देवाला हात जोडताना हाही दिसायचा. स्फोर्झांनाही असाच घोडा हवा होता. फ्रांचेस्कोच्या स्मारकासाठी लेओनार्दो दा विंचीने मातीचा प्रचंड घोडा केला, पण ओतकामाचं कांस्य १४९४ मध्ये तोफांसाठी गेलं आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेम धरले.

हे घडलं लुदोविको स्फोर्झाच्या काळात, ज्याला ‘इल मोरो’ म्हणतात. लेओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र त्याच्याच आश्रयाने झालं. त्याच्या थोरल्या भावाचा, गालेआझो मारियाचा, १४७६ च्या नाताळात चर्चमध्ये खून झाला. तिघा मारेकऱ्यांपैकी एकाचं नाव कार्लो विस्कोंती, म्हणजे मूळ घराण्याच्या शाखा शहरात होत्याच. सात वर्षांचा ज्यान गालेआझो गादीवर आला आणि काका लुदोविकोने कारभार हातात घेतला तो कायमचाच. विस्कोंतींत पुतण्याने काकाला गिळलं, स्फोर्झांत काकाने पुतण्याला. नारायणराव पेशव्यांची गोष्ट ऐकून मोठे झालेल्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

लुदोविकोने सनदेचा प्रश्न विस्कोंती पद्धतीनेच सोडवला: पुतणी बियांका मारिया जर्मन राजा आणि पुढचा सम्राट मॅक्सिमिलियन याला दिली, ४ लाख दुकात मोजले आणि ड्यूकपद अधिकृत करून घेतलं. त्याच दशकात पावियाजवळच्या चेर्तोझा मठात ज्यान गालेआझो विस्कोंतीची भव्य समाधी कोरली जात होती. मठ त्याने १३९६ मध्ये स्थापलेला. समाधीचा खर्च आता स्फोर्झा करत होते. परक्या आडनावाच्या मूळपुरुषासाठी इतकं कोण करतं?

पण हिशेब चुकला. फ्रान्सच्या गादीवर व्हालेंतिनाचा नातू बारावा लुई बसला आणि विस्कोंती रक्ताच्या हक्काने १४९९ मध्ये मिलानवर चालून आला. लुदोविको फ्रान्सच्या लॉश किल्ल्यात कैदी म्हणून १५०८ मध्ये वारला. त्याच्या दोन मुलांना मधूनमधून गादी मिळाली, ती स्विस किंवा सम्राटाच्या मेहेरबानीवर. धाकटा फ्रांचेस्को १५३५ मध्ये निपुत्रिक वारला आणि मिलान सम्राट पाचव्या चार्ल्सने ताब्यात घेतलं.

साप तेवढा टिकला. आल्फा रोमेओ गाडीच्या बोधचिन्हात उजव्या अर्ध्या भागात मुकुट घातलेला, तोंडात माणूस धरलेला जो हिरवा साप दिसतो, तो स्फोर्झांच्या किल्ल्यावरही कोरलेला आहे. पण मालक म्हणाल तर विस्कोंती.