नळदुर्गची चकमक आणि अशोकचक्र

१३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाईच्या पहिल्याच दिवशी, नळदुर्ग (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) येथे ही चकमक झाली. तीत धारातीर्थी पडलेले २ शीख पलटणीचे (शीख रेजिमेंटची दुसरी पलटण) हवालदार बचित्तर सिंग यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. या पदकाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत ते आहेत.

सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता नळदुर्गला बोरी नदी ओलांडतो. पावसाळ्यात याच नदीवरचा नर-मादी धबधबा पाहायला किल्ल्यात गर्दी होते. त्या दिवशी मात्र सगळा जीव पुलात अडकला होता: तो उडवला गेला असता तर मागून येणारे रणगाडे अलीकडेच खोळंबले असते. पूल शाबूत हाती आला. बचित्तर सिंगांची कंपनी पहाटे चारच्या सुमारास पुढे सरकली. समोरून दोन गाड्या भरधाव येताना दिसल्या. गाड्यांतून गोळीबार होत असतानाही त्यांनी चढाई करून त्या माणसांसह पकडल्या. पुढे एका मोक्याच्या ठाण्यावर चालून जाताना, ते जेमतेम ३० यार्डांवर असताना ब्रेनगनच्या (हलक्या मशीनगनच्या) गोळ्या मांडीत घुसल्या. ते पडले, सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून ती ब्रेनगन बंद पाडली. मागे न्यायला त्यांनी नकार दिला आणि ठाणे हाती येईपर्यंत साथीदारांना हुरूप देत राहिले. त्याच जखमांनी त्यांना वीरमरण आले.

समोर ब्रेनगन होती, मग परमवीरचक्र का नाही? पदकाचा गट शौर्य मोजून ठरत नाही, समोर कोण होते यावर ठरतो. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोकचक्राची मालिका शत्रू समोर नसतानाच्या शौर्यासाठी. हैदराबादची कारवाई सरकारदरबारी ‘पोलीस कारवाई’ होती. त्याच दिवशी तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर लढलेले नाईक नरबहादूर थापा यांनाही अशोकचक्रच मिळाले, आणि ते जिवंतपणी.

हे पदक ४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाले, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आले. व्यास १ ३/८ इंच, सोन्याचा मुलामा, मध्यभागी अशोकाचे चक्र आणि भोवती कमळांची माळ. फीत हिरवी, मधोमध एक नारिंगी रेघ. कीर्तिचक्र चांदीचे आणि दोन रेघांचे, शौर्यचक्र काशाचे आणि तीन रेघांचे. दुरून फीत पाहताना रेघा मोजल्या की झाले. मुलाम्याचे पदक चिंच-राखेने घासू नये, मुलामा निघतो. मऊ कोरडे फडके पुरे.

खरा घोटाळा जुन्या कागदांत होतो. २७ जानेवारी १९६७ पर्यंत ही तिन्ही पदके ‘अशोकचक्र’च होती: वर्ग १, २ आणि ३. त्याआधीच्या कागदावर ‘अशोकचक्र, वर्ग ३’ दिसले तर ते आजचे शौर्यचक्र. घरातल्या पेटीतली ‘रक्षा पदक १९६५’ किंवा १९७१ च्या युद्धाचा ‘पश्चिमी स्टार’ ही तर शौर्यपदकेच नव्हेत, त्या त्या युद्धकाळातल्या सेवेबद्दल मिळालेली आहेत. पदकाच्या कडेला सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असले म्हणून ते शौर्यपदक ठरत नाही. खात्री करायची तर भारताच्या राजपत्रातली घोषणाच पाहावी लागते.