एफएसआय आपल्या जमिनीचा, टीडीआर दुसऱ्याच्या

"तुमच्या प्लॉटला दोन एफएसआय आहे," असं बिल्डरच्या माणसाने आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत सांगितलं आणि सगळे खूश झाले. मुंबईच्या उपनगरातला एक हजार चौरस मीटरचा प्लॉट. तक्ता हातात आल्यावर कळलं, की या 'दोन'मध्ये मूळ एफएसआय १, प्रीमियम भरून मिळणारा ०.५ आणि उरलेला ०.५ टीडीआर आहे. फंजिबलचे, म्हणजे या एफएसआयवर मिळणाऱ्या जादा बांधकामाचे, ३५ टक्के त्यावर वेगळे.

एफएसआय म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. मूळ एफएसआय जमिनीबरोबरच येतो, तो विकत घ्यावा लागत नाही. मुंबईत तो शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १. १९९१ च्या नियमावलीत होता, तोच २०१८ मध्ये लागू झालेल्या डीसीपीआर २०३४ या मुंबईच्या नव्या बांधकाम नियमावलीतही आहे. वाढलंय ते त्याच्यावर चढणारं.

टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, हा मुळात आपला नसतोच. कुणाच्या तरी जमिनीवर बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं. तो मालक जमीन पालिकेच्या ताब्यात देतो आणि रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र घेतो. झोपडपट्टी पुनर्वसनातूनही असा टीडीआर निघतो. ते प्रमाणपत्र बिल्डर विकत घेतो आणि आपल्या प्लॉटवर 'लोड' करतो. म्हणजे आमच्या इमारतीच्या वरच्या काही मजल्यांमागे कुठेतरी एक मोकळी झालेली जागा किंवा कुणाला मिळालेलं पक्कं घर आहे. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. प्रीमियमच्या अर्ध्या एफएसआयमागे असं काही नसतं. तिथे सरकारी तिजोरीत पैसे जातात, बस.

टीडीआर कुठे वापरायचा, यालाही बंधनं होती. जुन्या नियमात तो निर्माण झाला त्याच वॉर्डात किंवा त्याच्या उत्तरेलाच चालायचा, शहर भागात नाही. त्यामुळे सगळा भार उपनगरांवर पडला. २०१६ च्या धोरणाने तो रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराशी जोडला. समजा, ४० हजार रुपये दराच्या जमिनीतून १०० चौरस मीटर टीडीआर निघाला आणि तो ८० हजार दराच्या प्लॉटवर आणला, तर तिथे ५० चौरस मीटरच मिळतात. उलट दिशेने नेला, तर २००. रस्त्याची रुंदी जास्त, तशी टीडीआरची मर्यादाही जास्त.

सभासदांच्या दृष्टीने खरा फरक पैशात आहे. प्रीमियमचा दर सरकारच्या हातात असतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यात वर्षभरापुरती ५० टक्के सवलत दिली होती. टीडीआरचा भाव बाजार ठरवतो आणि करार झाल्यापासून परवानगी मिळेपर्यंत तो कुठेही जाऊ शकतो. "दोन एफएसआय" या एका शब्दात ही जोखीम झाकली जाते, आणि पुढे भाव चढला की "परवडत नाही" म्हणत काम रखडतं किंवा घराचं क्षेत्रफळ कमी करायची बोलणी सुरू होतात.

आम्ही वकिलांकडून करारनाम्यात एक कलम घालून घेतलं: टीडीआर बिल्डरने स्वतःच्या खर्चाने घ्यायचा, आमच्याच प्लॉटवर लोड करायचा, आणि भाव वाढला म्हणून कुठल्याही सभासदाच्या घराचं कार्पेट क्षेत्रफळ एक फूटही कमी करायचं नाही.