आतोचाचा खजिना आणि सेव्हिलचं दप्तर

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून पश्चिमेकडे लहान लहान बेटांची माळ समुद्रात गेली आहे. या माळेपाशी ६ सप्टेंबर १६२२ रोजी ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे स्पॅनिश जहाज वादळात बुडालं. हवानाहून स्पेनकडे २८ जहाजांचा ताफा निघून दोनच दिवस झाले होते. आतोचावरच्या २६५ माणसांपैकी फक्त पाच जण वाचले. चांदीच्या हजारावर लगडी, सोनं, तांबं, तंबाखू आणि नीळ सगळं तळाला गेलं. विसाव्या शतकात या जहाजामागे लागलेल्यांकडे बोटी होत्या, पाणबुडे होते, धातूचा माग काढणारी यंत्रं होती. घोडं अडलं ते जुन्या स्पॅनिशपाशी.

जहाज ‘मातेकुम्बेच्या बेटांपाशी’ बुडालं, असं त्या काळचे कागद सांगत होते. आजच्या नकाशात त्या नावाची दोन बेटं आहेत, म्हणून खजिन्याचे शोधक वर्षानुवर्षं तिथलाच तळ धुंडाळत राहिले. पण १६२२ मधले स्पॅनिश खलाशी जवळपास अख्ख्या माळेलाच मातेकुम्बे म्हणत. हे लक्षात आलं ते यूजीन लायन या इतिहाससंशोधकामुळे. बुडालेला माल वर काढण्याचा ठेका पुढे फ्रान्सिस्को नुन्येझ मेलियान याला मिळाला होता. स्पेनमधल्या सेव्हिलच्या अभिलेखागारात त्याच्या हिशेबाचे कागद चाळताना लायन यांना ‘कायोस देल मार्केस’, म्हणजे मार्केसची बेटं, असा उल्लेख सापडला. ताफ्याचा प्रमुख मार्केस दे कादेरेइता माल काढण्याच्या कामावर देखरेख करायला तिथे येऊन राहिला होता, त्यावरून हे नाव पडलेलं. आजची मार्केसास बेटं ती हीच. मातेकुम्बेपासून ती सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहेत. आतोचामागे लागलेले अमेरिकन खजिनाशोधक मेल फिशर यांनी आपला सारा शोध तिकडे हलवला.

तरीही सुरुवातीला त्या बेटांची कोणती बाजू धुंडाळायची, हे चुकलं. जुन्या कागदात पूर्वेला ‘एस्ते’ आणि पश्चिमेला ‘वेस्ते’ लिहिलेलं असतं, फरक एका अक्षराचा. नोंद आधी ‘पूर्व’ अशी वाचली गेली होती. मूळ अक्षरं पुन्हा तपासल्यावर ती ‘पश्चिम’ निघाली.

अशी चूक का होते, हे मोडी वाचणाऱ्याला लगेच कळेल. सोळाव्या-सतराव्या शतकातली स्पॅनिश कारकुनी लिपी ‘प्रोसेसाल’ म्हणून ओळखली जाते, आणि तीही मोडीसारखीच हात न उचलता लिहिलेली, शब्दांत जागा न सोडणारी, संक्षेपांनी भरलेली. कारकुनाला पानांवर पैसे मिळत, त्यामुळे अक्षरं ऐसपैस लांबवण्याकडे कल असे. इसाबेल राणीने १५०३ मध्ये पानावर किती ओळी आणि ओळीत किती शब्द असावेत याचा नियमच घालून दिला. तरी सवय मोडली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात जसे रुमाल, तसे सेव्हिलच्या या अभिलेखागारात ‘लेगाहो’, म्हणजे बांधून ठेवलेले गठ्ठे. ते ४० हजारांहून जास्त आहेत. आधुनिक स्पॅनिश उत्तम येणारा माणूसही तिथे पहिल्या पानावरच थांबतो.

शब्द कळले तरी मापं उरतात. चांदी ‘मार्को’मध्ये तोलत. एक मार्को म्हणजे साधारण २३० ग्रॅम, आणि त्याचे आठ ‘ओन्सा’. तोफा आणि अवजड माल ‘किंताल’ व ‘अर्रोबा’मध्ये: किंताल सुमारे ४६ किलो, अर्रोबा त्याचा चौथा हिस्सा. ईमेलच्या पत्त्यातल्या ‘ॲट’च्या खुणेला स्पॅनिश लोक आजही अर्रोबाच म्हणतात, कारण त्यांच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत ती खूण याच वजनाची होती. चांदीचा कस, म्हणजे ‘लेय’, २४०० पैकी मोजत आणि लगडीवर रोमन आकड्यांत ठोकत. दोन उभ्या रेघा, त्यापुढे इंग्रजी ‘यू’सारखी हजाराची खूण आणि मग तीनशेऐंशीचे आकडे दिसले, तर ती चांदी २३८० कसाची, म्हणजे जवळजवळ शुद्ध. राजाच्या पाचव्या हिश्शाची, ‘किंतो’ची मोहर असेल तर कर भरलेला. सोन्यावर ती मोहर नसली, तर ते चोरून नेलं जात असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. मालाच्या नोंदवहीला ‘रेहिस्त्रो’ म्हणत, आणि असला माल तिच्यात येत नसे.

या रेहिस्त्रोचं मोल १९७३ मध्ये दिसलं. पाणबुड्यांना चांदीच्या तीन लगडी मिळाल्या. त्यातल्या एकीवर ४५८४ हा क्रमांक होता, आणि लायन यांनी मिळवलेल्या आतोचाच्या यादीत तोच क्रमांक, जुळणाऱ्या वजनासह, होता. १९७५ मध्ये काशाच्या तोफा सापडल्या. त्यांच्यावर कोरलेली वजनंही कागदांशी जुळली. त्या तोफा शोधणारा फिशर यांचा मुलगा डर्क, त्याची पत्नी आणि आणखी एक पाणबुड्या आठवड्याभरात बोट उलटून मरण पावले. मुख्य साठा मिळाला तो २० जुलै १९८५ रोजी, त्या अपघाताला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी.

या यशात मला एक गोष्ट खटकते. बोटीच्या पंख्याचा झोत नळांतून खाली वळवून वाळूत खड्डे पाडायची पद्धत तिथे सर्रास वापरली गेली. कुठली वस्तू कशाशेजारी पडली होती, ही माहिती त्यात बरीचशी उधळली जाते, आणि ती कुठल्याच लेगाहोत नोंदलेली नसते.

शिवाय दप्तर नेहमी शोधकाच्या बाजूने बोलतंच असं नाही. ‘मेर्सेदेस’ ही स्पॅनिश फ्रिगेट जातीची नौका १८०४ मध्ये इंग्रजांशी झालेल्या चकमकीत स्फोट होऊन पोर्तुगालजवळ बुडाली. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने त्या जागेवरून सुमारे सहा लाख नाणी काढून फ्लोरिडाला नेली. स्पेन न्यायालयात गेला तो आपल्या आरमाराचे जुने कागद घेऊन. ही सरकारी युद्धनौका होती, असं न्यायालयाने मान्य केलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती नाणी स्पेनच्या लष्करी विमानांतून परत गेली. स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या जलपुरातत्त्व संग्रहालयात ती आता पाहायला मिळतात.