स्वतःचीच नस्ती मागताना : वैयक्तिक माहितीच्या अर्जांची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील सरकारी कार्यालयांच्या आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या नोंदवहीत) माहिती अधिकाराचा एक अर्ज नेहमी आढळतो. त्यातला अर्जदार दुसऱ्या कोणाविषयी काही विचारत नाही. त्याला स्वतःच्या किंवा आपल्या आईवडिलांच्या नस्तीतील, म्हणजे फाइलमधील, कागदांची प्रत हवी असते. या भागात त्याला एक जुने कारण आहे. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के योजनेतून प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देण्याचे धोरण ठरले. भूखंडाची पात्रता भूसंपादनाच्या निवाड्यातील नाव, जुना सातबारा आणि वारसांचे दाखले यांवर ठरते. मधल्या काळात कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि दप्तरे इकडून तिकडे गेली. परिणामी कुटुंबाचा हक्क ज्या कागदावर उभा आहे, तो कागद घरातल्या पेटीत नसून कोणत्या तरी अभिलेख कक्षात असतो.

तो कागद मागण्याचा अधिकार मात्र फार उशिरा आला. १९२३ च्या शासकीय गोपनीयता कायद्याने कार्यालयांना जी सवय लावली, तिच्यात कागद कोणाविषयी आहे हा प्रश्नच नव्हता; कागद सरकारचा, एवढेच पुरेसे होते. सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा तेवढा त्याला कळवला जाई, बाकीचा अहवाल त्याच्याविषयी असूनही त्याच्यापासूनच झाकलेला राही. प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते थेट २००८ मध्ये.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल उचलले, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. २००० चा राज्याचा कायदा दुबळा ठरला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे २००२ मध्ये नवा कायदा आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. आज आपण जोडपत्र ‘अ’ भरून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतो आणि तीस दिवस वाट पाहतो, ती रीत तेव्हापासूनची आहे. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही, ही या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद आहे असे मला वाटते.

वैयक्तिक माहितीविषयी याच कायद्यात कलम ८(१)(ञ) होते आणि ते विचारपूर्वक लिहिलेले होते. माहिती वैयक्तिक आहे एवढ्यावर ती नाकारता येत नसे. तिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नसावा, अथवा ती दिल्याने त्या व्यक्तीच्या खाजगीपणावर अनाठायी आक्रमण व्हावे, अशी अट होती. ही अट पुरी झाली तरी व्यापक जनहित असेल तर माहिती देता येई. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये, असे परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलेले होते. म्हणजे जन माहिती अधिकाऱ्याने समोरचा कागद वाचावा, दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहावे आणि मग निर्णय लिहावा, अशी अपेक्षा होती. स्वतःची माहिती मागणाऱ्याला याच शब्दांत संरक्षण होते, कारण स्वतःच्या खाजगीपणावर कोणी आक्रमण करू शकत नाही. २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा हा मार्ग आणखी रुंद होईल असे वाटत होते.

वळण आले ते ३ ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील निकालाने. एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, त्याच्यावरील कारवाई, त्याची मालमत्ता यांची माहिती तिसऱ्याच व्यक्तीने मागितली होती. न्यायालयाने ती वैयक्तिक ठरवली आणि नोकरीतील कामगिरी ही कर्मचारी व त्याला नेमणारा यांच्यातील बाब असल्याचे म्हटले. व्यापक जनहिताचा अपवाद त्या निकालातही शाबूत होता; परंतुकाची चर्चा मात्र त्यात झाली नाही. कार्यालयांनी त्यातून एक तयार वाक्य उचलले आणि दोन्ही पारडी पाहण्याचे काम मागे पडले.

ते वाक्य मी जवळून पाहिले आहे. माझ्या मावशीने शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनातील तफावत शोधण्यासाठी ठाण्यातील एका कार्यालयात स्वतःच्या सेवापुस्तकाची छायांकित प्रत मागितली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले : ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ पत्राच्या ‘विषय’ या ओळीत सेवापुस्तक ज्यांचे आहे त्यांचे नाव होते, ‘प्रति’ या शब्दाखालीही तेच नाव होते. प्रथम अपिलाच्या सुनावणीत तिने आपले ओळखपत्र टेबलावर ठेवले आणि दोन रुपये पानाप्रमाणे प्रत मिळाली. वेतनवाढीच्या एका नोंदीसमोर सहीची जागा कोरी होती, आणि तफावतीचे मूळ तेच निघाले. पहिल्याच अर्जावर ओळख पटवून घेतली असती तर तिचे काही महिने वाचले असते. ज्यांचे प्रथम अपिलातही भागत नाही, त्यांना दुसऱ्या अपिलासाठी बेलापूरच्या कोकण भवनातील माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठापुढे जावे लागते.

जमिनीच्या नस्तीत अडचण थोडी वेगळी असते, कारण तिथे सहहिस्सेदारांची नावेही येतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ नुसार त्रयस्थ पक्षाला पाच दिवसांत नोटीस द्यायची आणि त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे. पण त्याची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. ती विचारात घेऊन अधिकाऱ्यानेच ठरवायचे असते. देता येणार नाही तेवढा मजकूर झाकून बाकीचा देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. हरकतीचे पत्र नस्तीला लावून प्रकरण बंद करणे या दोन्ही कलमांना धरून नाही.

दरम्यान खाजगीपणाची बाजू स्वतंत्रपणे बळकट होत गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, आणि ते योग्यच झाले. २०१८ मध्ये डेटा संरक्षणाविषयीच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने कलम (ञ) बदलायला सुचवले, पण संबंधित व्यक्तीला होणारी हानी आणि जनहित यांची तुलना कायम ठेवून. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम मंजूर झाला, तेव्हा त्याच्या कलम ४४(३) ने ती तुलनाच काढून टाकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आल्यापासून (ञ) मध्ये ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढाच मजकूर उरला आहे. अनाठायी आक्रमणाची अट गेली, परंतुकही राहिले नाही. जनहित जड असेल तर माहिती देण्याची मुभा आता फक्त कलम ८(२) मध्ये आहे.

या बदलाची चर्चा पत्रकार आणि कार्यकर्ते यांच्या अंगाने पुष्कळ झाली आणि ती गरजेची होती. स्वतःचा कागद मागणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. नव्या मजकुराचा अक्षरशः अर्थ लावला तर अर्जदाराची स्वतःची माहितीही ‘वैयक्तिक माहिती’च आहे. त्यासाठी स्वतःची माहिती मागण्याचा अधिकार देणारे नव्या डेटा संरक्षण कायद्याचे कलम ११ आहे, असे उत्तर दिले जाते. ते कलम लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यातून मिळतो तो माहितीचा सारांश, आणि तोही ज्याला आपण संमती देऊन माहिती दिली त्याच्याकडून. दाखले, परवाने, अनुदाने किंवा नोकरी यांसाठी संमतीखेरीज अन्य आधारावर वापरलेली माहिती त्यात सरळ बसत नाही. शिवाय हा कायदा फक्त डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. नाकारण्यासाठीच्या (ञ) ला तशी मर्यादा नाही, तिथे कागदी नस्तीही वैयक्तिक माहिती ठरते.

मावशीचे सेवापुस्तक जाड पुठ्ठ्याचे, निळ्या शाईने लिहिलेले आणि कडेला सुतळीने शिवलेले आहे. तोच अर्ज तिने आज केला, तर नव्या कायद्याचा अधिकार त्या पुस्तकापर्यंत पोहोचत नाही आणि जुन्या कायद्यातील ज्या शब्दांवर तिने अपील जिंकले ते शब्द आता तिथे नाहीत.